कॉर्फचे दगड आणि टायनहॅमची शाळा

नमस्कार मंडळी. ब्रिटनमधल्या किल्ल्यांचा विषय निघाला की बहुतेक लोक राजाराण्यांपासून सुरुवात करतात, कोणी बांधला, कोणी जिंकला, कोणाला कैदेत टाकलं वगैरे. ते सगळं आहेच, पण आज मला किल्ल्याच्या पायथ्याशी जे गाव असतं ना त्याच्याबद्दल बोलायचंय. कारण इतकी वर्षं इथे राहून, फिरून, माझं मत असं झालंय की किल्ल्याची खरी गोष्ट खालच्या गावातच कळते.

इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्याला डॉर्सेट नावाची काउंटी आहे, आणि तिच्यात समुद्रालगत पर्बेक म्हणून टेकड्यांचा पट्टा आहे. आम्ही पूल शहरात राहतो, तिथून चाळीस नंबरची बस धरली की तासाभरात कॉर्फ कॅसलला उतरता येतं. गावाचं नावही कॉर्फ कॅसल आणि किल्ल्याचंही तेच. चुनखडीच्या लांबच लांब डोंगररांगेत एक खिंड आहे आणि त्या खिंडीच्या बरोबर मध्ये सुटी टेकडी, तिच्यावर हा किल्ला. म्हणजे किनाऱ्याकडून आत जायचं तर त्याच्या नजरेखालूनच जायचं, ज्याने ही जागा हेरली त्याला मानलं पाहिजे.

राजांचं थोडक्यात सांगते. ९७८ साली इथे एडवर्ड नावाच्या कोवळ्या वयाच्या राजाचा खून झाला, सावत्र आईने करवला असं लोक पुढे सांगत आले, आणि नंतर चर्चने त्याला संत ठरवलं. गावातलं चर्च आजही त्याच्याच नावाचं आहे. मग फ्रान्सकडचे नॉर्मन लोक आले, दगडी तट आला, पहिल्या हेन्री राजाच्या काळात जवळजवळ २१ मीटर उंचीचा बालेकिल्ला उभा राहिला. जॉन राजाचा हा आवडता किल्ला, त्याने इथे राहायला सुंदर महाल बांधला, आणि त्याच किल्ल्यात फ्रान्समधून धरून आणलेले २२ सरदार उपाशी ठेवून मारले असं जुन्या बखरी सांगतात.

पण कॉर्फच्या माणसांना विचाराल तर ती सांगतील लेडी मेरी बँक्सची गोष्ट. तिच्या नवऱ्याने, सर जॉन बँक्सने, १६३५ साली हा किल्ला विकत घेतला होता. १६४२ ला राजा आणि पार्लमेंट यांच्यात युद्ध पेटलं, नवरा मोठा न्यायाधीश, तो राजाबरोबर ऑक्सफर्डला आणि इथे किल्ल्यात बाई, तिची मुलं, कामाच्या बायका आणि थोडीशी शिबंदी. १६४३ च्या उन्हाळ्यात पार्लमेंटच्या पाच-सहाशे लोकांनी वेढा घातला. त्यांनी गावातल्या चर्चलाच छावणी केलं, छपराचं शिसं काढून गोळ्या ओतल्या. लाकडाचे चाकावरचे आडोसे बनवून त्याखाली लपून तटापर्यंत यायचा प्रयत्न केला, तर वरच्यांनी आडोशाखाली दिसणाऱ्या पायांवरच नेम धरला! शेवटी शिड्या लावल्या तेव्हा वरच्या तटावर लेडी मेरी, तिच्या मुली, तिच्या दासी आणि हाताशी असलेले थोडे शिपाई, यांनी दगड आणि जळते निखारे खाली ओतले. सहा आठवड्यांनी वेढा उठला. 

नंतर नवरा वारला, बाई तशीच लढत राहिली, आणि १६४६ च्या फेब्रुवारीत किल्ला पडला तो फितुरीने. पिटमन नावाचा तिचाच एक अधिकारी, कुमक आणतो म्हणून गेला आणि कुमकेच्या नावाखाली शत्रूचीच माणसं आत घेऊन आला. किल्ला गेला पण तिच्या धैर्याची कदर म्हणून किल्ल्याच्या किल्ल्या तिच्याकडेच राहू दिल्या असं सांगतात, आणि त्या चाव्या बँक्स घराण्याच्या किंग्स्टन लेसी नावाच्या वाड्यात आजही लावलेल्या आहेत.

त्यानंतर पार्लमेंटने ठराव केला की हा किल्ला पाडायचा. तटाच्या पायाशी खड्डे खणले, त्यात बारूद ठासली आणि उडवला. आता गंमत अशी की पर्बेकचा दगड आणि तो जुना चुना इतका चिवट की बुरूज फुटले नाहीत, अख्खेच्या अख्खे कलले. तुम्ही आतल्या दरवाजाशी उभे राहिलात तर दिसतं, डावीकडचा अर्धा दरवाजा मूळ जागेपासून खाली घसरलाय, पण सरळ उभाच आहे, कमानीचं अर्ध तोंड वर आणि अर्ध खाली, आणि वरून सोडायच्या लोखंडी जाळीच्या दाराची जी खाच असते ती दोन्ही बाजूंना अजून स्वच्छ दिसते. 

माझे बाबा इकडे आले होते तेव्हा त्यांना मी मुद्दाम तिथे नेलं. बाबा नाशिकचे, तरुणपणी अलंग, मदन, कुलंग सगळे पालथे घातलेले. त्यांनी ती भेग पाहिली, हात फिरवला आणि म्हणाले, "सुरुंग लावलेत गं इथे." मी काहीच सांगितलं नव्हतं बरं का. १८१८ नंतर इंग्रजांनी सह्याद्रीतल्या कितीतरी किल्ल्यांच्या पायऱ्या आणि दरवाजे असेच सुरुंगाने उडवले, पुन्हा कोणी वर जाऊन लढू नये म्हणून, आणि ते बघत बघत बाबांची नजर तयार झालेली. मग आम्ही दोघं तिथेच गवतावर बसून बराच वेळ बोलत राहिलो, की ही पद्धत यांनी आधी स्वतःच्या घरात वापरली होती, आणि मग पावणेदोनशे वर्षांनी आपल्याकडे. मला ते फार आत लागलं. शाळेत कोणी हे जोडून दाखवलं नव्हतं.

पण किल्ला पाडल्यावर दगडांचं काय झालं? तर गावाने ते नेले. आणि मी म्हणते बरं केलं! लढाईत गावाचं आधीच नुकसान झालेलं, लोकांना घरं उभी करायची होती, मग कोणी चौकट नेली, कोणी खिडकी, कोणी नुसते घडीव दगड. आज गावातून हिंडताना साध्या बैठ्या घराला एकदम राजेशाही कोरीव चौकट दिसते आणि तुम्ही थबकता. छपरंही दगडाचीच, पर्बेकच्या दगडी फरश्यांची, खालच्या वळचणीला मोठ्या फरश्या आणि वर आढ्याकडे जात जात लहान होत जाणाऱ्या. पावसात ती छपरं काळी चमकतात आणि ऊन पडलं की राखाडी मऊ दिसतात. गावात १९६६ साली बनवलेलं एक छोटं मॉडेल गाव आहे, विसाव्या हिश्श्याच्या मापाचं, त्यात किल्ला पाडायच्या आधी कसा होता ते दिसतं. लहान मुलं घेऊन जाणार असाल तर नक्की दाखवा, त्या मॉडेलच्या आत मॉडेलचंही मॉडेल आहे, पोरं तिथून हलत नाहीत.

आता कॉर्फपासून काही मैलांवर, समुद्राकडे, दुसरं गाव आहे, टायनहॅम. तिथे नेमकं उलटं झालंय. किल्ला नाही, लढाई नाही, कोणा शत्रूने तोफ डागून गाव पाडलं नाही, तरी गावात माणूस नाही. १९४३ च्या नोव्हेंबरमध्ये घरोघर पत्रं आली की रणगाड्यांच्या सरावासाठी हा भाग सैन्याला हवा आहे, नाताळच्या आधी, १९ डिसेंबरपर्यंत गाव सोडा. आजूबाजूच्या वस्त्या धरून सव्वादोनशेच्या आसपास माणसं. लोक गेले, कुरकुर न करता गेले, कारण युद्ध होतं आणि युद्ध संपलं की परत यायचं असंच सगळ्यांच्या मनात होतं. जाताना चर्चच्या दाराला चिठ्ठी लावली, की चर्च आणि घरं नीट सांभाळा, पिढ्यान्‌पिढ्या राहिलो ती घरं आम्ही युद्ध जिंकायला म्हणून देतोय, आम्ही एक दिवस परत येऊ, आणि गावाशी मायेने वागलात त्याबद्दल धन्यवाद.

ते परत आलेच नाहीत. १९४८ मध्ये सरकारने जमीन सक्तीने ताब्यात घेतली. आणि यातली जी गोष्ट मला सहन होत नाही ती अशी की बहुतेक जण भाडेकरू, घर नावावर नाही, म्हणून त्यांना भरपाई मिळाली ती परसातल्या भाजीपाल्याची. पिढ्यान्‌पिढ्यांच्या घराच्या बदल्यात कोबी-बटाट्याचे पैसे. बऱ्याच जणांना वेअरहॅमजवळ सँडफर्डला कौन्सिलची घरं मिळाली, नळ होता, वीज होती, काही तरुण बायकांना तर बरंच वाटलं असेल, टायनहॅममध्ये पाणी बाहेरून भरून आणायला लागायचं. पण म्हाताऱ्या माणसांचं काय झालं असेल याचा विचार करवत नाही.

टायनहॅमची शाळा मात्र जपलीय. ती तर युद्धाच्या आधीच, १९३२ मध्ये, पोरं कमी म्हणून बंद झालेली. आत गेलात की भिंतीवर कोट अडकवायच्या खुंट्या आणि प्रत्येक खुंटीवर मुलाचं नाव, बाकांवर वह्या, त्यात पक्ष्यांची, पानाफुलांची चित्रं काढलेली. घरांना छप्पर नाही, पण प्रत्येक घरात एक फलक, इथे कोण राहायचं, काय काम करायचं, जुना फोटो. कोण कोळी, कोण शेतमजूर, कोण पोस्ट सांभाळणारी. राजांची नावं सगळीकडे असतात हो, पण धुणं धुणाऱ्या बाईचं नाव तिच्याच चुलीजवळ लिहिलेलं मी तरी फार ठिकाणी पाहिलेलं नाही.

गाव टिकतं ते लोकांनी काहीतरी धरून ठेवल्यामुळे, असं मला कॉर्फकडे बघून वाटतं. तिथे पर्बेक मार्बलचे कारागीर शेकडो वर्षं काम करत आलेत. मार्बल म्हणतात पण तो खरं तर चुनखडीचाच दगड, अगदी बारीक शंखांनी ठासून भरलेला, पॉलिश केला की आतले शंख गोल गोल उमटतात. सॉल्सबरीच्या कॅथेड्रलचे ते काळपट बारीक खांब याच दगडाचे. या कारागिरांची संघटना दर वर्षी ईस्टरच्या उपवासाआधीच्या मंगळवारी भरते, नव्या शिकाऊ पोराला पबमधून बिअरचा मग न सांडता टाऊन हॉलपर्यंत न्यायचा असतो आणि बाकीचे तो सांडवायला टपलेले! मग फुटबॉल आणि पौंडभर मिरी घेऊन ओवर नावाच्या खाडीकिनारी जायचं, कारण पूर्वी दगड तिथून होडीत चढायचा आणि त्या वाटेचा हक्क राखायचा तर वर्षातून एकदा हे करायलाच हवं. मिरी हे त्या वाटेचं भाडं. मध्ययुगात ती मिरी मलबारहूनच इकडे यायची, हे मला फार आवडतं.

आणि रेल्वे. १९७२ साली ब्रिटिश रेल्वेने इथली स्वॉनेजची लाइन बंद केली आणि काही महिन्यांतच रूळही उखडून नेले. तर लोकांनी काय केलं, पगार न घेता, रविवार रविवार करत रूळ परत टाकले, आणि १९९५ मध्ये वाफेची गाडी पुन्हा कॉर्फला आली. आजही स्टेशनवर तिकीट तपासणारे बरेचसे आजोबा स्वयंसेवक आहेत, त्यांच्याशी बोला, वेळ असतो त्यांच्याकडे आणि गोष्टीही भरपूर.

जाणार असाल तर एक करा. कॉर्फला कधीही जा, पण टायनहॅम सैन्याच्या गोळीबार-सरावाच्या रेंजमध्ये आहे, बहुतेक शनिवार-रविवारी आणि सुट्ट्यांमध्येच उघडं असतं, तेव्हा निघायच्या आधी तारखा बघा. तिथे पिवळे खांब लावलेत, त्यांच्या आतूनच चाला, कारण न फुटलेले गोळे अजून जमिनीत आहेत. डबा, पाणी बरोबर ठेवा, जवळपास दुकान नाही. आणि मुलं असतील तर आधी शाळा दाखवा, मग चर्च. नमस्कार.