महिन्याच्या गोळ्या आणि घरचा किराणा

श्रोतेहो, नमस्कार. दवाखान्याचा खर्च म्हटलं की ऑपरेशनचं बिल आठवतं. पण घर आतून पोखरतो तो दर महिन्याच्या गोळ्यांचा खर्च.

देशातल्या एकूण आरोग्यखर्चापैकी २०१३-१४ साली ६४.२ टक्के रक्कम लोक थेट खिशातून भरत होते. २०२१-२२ मध्ये हा वाटा ३९.४ टक्क्यांवर आला. तरीही शंभरातले जवळपास चाळीस रुपये घरातूनच जातात.

समजा, घरखर्च महिना १५,००० रुपये. दोघांच्या बीपी-शुगरच्या गोळ्या ९००, डॉक्टरांची फी ३००, रक्ततपासणी २००, एसटीचं भाडं १५०. झाले १,५५०. घरखर्चाच्या १० टक्क्यांपुढे गेलेला आजारपणाचा खर्च जगभर धोक्याचा मानतात. बुडालेली मजुरी अजून धरलेलीच नाही.

मग कात्री कुठे लागते? घरभाडं आणि कर्जाचा हप्ता टळत नाही. दूध कमी होतं, वरणात पाणी वाढतं आणि शेवटी गोळीच एक दिवसाआड घेतली जाते. बीपीची गोळी चुकली तरी बहुतेकदा काही जाणवत नाही, म्हणून ती नकोशी वाटते. आत दाब चढलेलाच राहतो आणि एके सकाळी अर्धं अंग लुळं पडतं. कमावता माणूस अंथरुणाला खिळतो, दागिने गहाण पडतात.

महात्मा फुले जनआरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचं संरक्षण आहे, पण ते भरती होऊन घेतलेल्या ठरावीक उपचारांसाठी. रोजच्या गोळ्या त्यात बसत नाहीत. भरतीची वेळ आलीच, तर पैसे भरण्याआधी रेशनकार्ड आणि आधार घेऊन आरोग्यमित्राला, म्हणजे रुग्णालयातल्या योजनेच्या मदतनिसाला गाठा. योजना कॅशलेस आहे, मंजुरी आधी लागते.

गोळ्यांसाठी आधी प्राथमिक आरोग्य केंद्रात जा. राज्याच्या आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार मोफत आहेत. तिथे साठा नसेल, तर जनऔषधी केंद्र. ब्रँडच्या तुलनेत तिथली औषधं ५० ते ९० टक्के स्वस्त पडतात. मात्र डॉक्टरांकडून चिठ्ठीवर औषधाचं मूळ नाव लिहून घ्या. ब्रँडच्या एकाच गोळीत कधीकधी दोन औषधं असतात. बदली गोळीत एकच आलं, तर दाब आवरत नाही. पाकिटावरचे मिलिग्रॅम चिठ्ठीशी ताडून बघा. शुगरच्या मेटफॉर्मिन या औषधापुढे ‘एसआर’ लिहिलं असेल, तर ती गोळी चावू किंवा कुटू नका, कारण औषध हळूहळू सुटावं अशीच ती बनवलेली असते.

आणि पाकीट रिकामं होण्याची वाट पाहू नका. आठवडाभराच्या गोळ्या उरल्या असतानाच पुढच्या आणायला निघा.