पाच पिकोन्यूटनांची ओढ

पडद्यावर दिसणारी ही उजळ जाळी म्हणजे काचेच्या पट्टीवर एकमेकींना खेटून वाढलेल्या पेशींचा एक पदर आहे. प्रत्येक पेशीच्या कडेने उमटलेली रेषा ई-कॅडहेरिन या प्रथिनाची आहे. त्याला प्रतिदीप्त, म्हणजे प्रकाश पडताच उजळणाऱ्या प्रथिनाची जोड दिली, म्हणूनच ते डोळ्यांना दिसते. शेजारच्या दोन पेशींची कॅडहेरिने कॅल्शियमच्या साहाय्याने परस्परांना धरून असतात. पेशीच्या आतल्या बाजूला बीटा-कॅटेनिन आणि अल्फा-कॅटेनिन या प्रथिनांमार्फत ती पेशीच्या सांगाड्यातील ॲक्टिनच्या तंतूंशी जोडलेली असतात, आणि हे तंतू मायोसिन हे ओढणारे प्रथिन सतत आत ओढत असते. त्यामुळे इतक्या स्वस्थ दिसणाऱ्या या जाळीतली प्रत्येक रेषा दोन्ही बाजूंनी ताणलेली आहे.

हा ताण मोजायचा कसा? त्यातल्या एकेका रेणूवरचे बल काही पिकोन्यूटन, म्हणजे न्यूटनच्या एक लक्ष कोटीव्या भागाच्या घरातले असते. रक्तातील एका तांबड्या पेशीचे वजनही जवळपास १ पिकोन्यूटन भरते. बाहेरचा कोणताही ताणकाटा तिथे पोहोचणार नाही, म्हणून संशोधकांनी ताणकाटाच प्रथिनाच्या आत बसवला.

२०१० साली प्रसिद्ध झालेल्या या ताणकाट्याची, म्हणजे संवेदकाची स्प्रिंग म्हणजे कोळ्याच्या रेशमातील प्रथिनावर बेतलेला, ४० अमिनो आम्लांचा एक लवचीक दुवा आहे. त्याच्या एका टोकाला निळसर-हिरवे आणि दुसऱ्या टोकाला पिवळे प्रतिदीप्त प्रथिन असते. दोन्ही जवळ असली, की निळसर प्रथिनाने घेतलेली ऊर्जा पिवळ्याकडे जाते आणि पिवळा प्रकाश वाढतो. दुवा ताणला गेला, की ही देवाणघेवाण मंदावते. तिची कार्यक्षमता अंतराच्या सहाव्या घातावर अवलंबून असल्यामुळे एखाद-दोन नॅनोमीटरचा फरकही टिपता येतो. हा संवेदक प्रथम व्हिन्क्युलिन या प्रथिनात बसवला गेला. १ ते ६ पिकोन्यूटनपर्यंतची बले त्याला जाणवतात. २०१२ मध्ये तोच ई-कॅडहेरिनमध्ये बसवून कॅडहेरिनवर खरोखरच ताण असतो, हे दाखवले गेले.

आता दिसणारे लाल-निळे रंग पेशींचे स्वतःचे नाहीत, हे आवर्जून सांगायला हवे. प्रत्येक बिंदूवरच्या दोन प्रकाशांचे गुणोत्तर काढून संगणकाने ते भरले आहेत. पेशीच्या आतली पकड काढून टाकलेले, म्हणजे कॅटेनिनला जोडताच न येणारे कॅडहेरिन शेजारच्या चित्रात आहे, आणि तिथे ताणाची खूण मिळत नाही. मायोसिनला रोखणारे द्रव्य घातल्यावर पहिल्या चित्रातला ताणही उतरतो. या दोन चित्रांसाठी लागणारे परिश्रम सहसा कोणाला दिसत नाहीत. परंतु मोजमापावर विश्वास ठेवायचा तो यांच्याच आधारावर.

अंधाऱ्या खोलीतील हे दुसरे उपकरण लेसर किरणांचा चिमटा आहे. त्याचा पाया घालणाऱ्या आर्थर ॲश्किन यांना २०१८ चे भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले. डावीकडचा आणि उजवीकडचा मणी एकेका किरणात अडकला आहे आणि दोहोंमध्ये ॲक्टिनचा एकच तंतू ताणून धरला आहे. खालच्या स्थिर मण्यावर कॅडहेरिन-कॅटेनिनचा जोड आहे. मंच पुढे-मागे सरकतो. तंतू पकडला गेला, की वरचे मणी जागेवरून ओढले जातात, आणि किती ओढले गेले यावरून बल कळते. आलेखातली पायरी म्हणजे सुटलेला बंध. २०१४ साली याच पद्धतीने दिसले, की एका मर्यादेपर्यंत ओढ वाढवली, तर हा बंध लवकर सुटण्याऐवजी अधिक वेळ टिकतो. ओढल्यावर घट्ट होणाऱ्या गाठीसारखे हे वर्तन आहे, आणि पहिल्यांदा पाहताना ते पुन्हा मोजून घ्यावेसे वाटते.

मण्याभोवतीची ही वर्तुळे चुंबकीय चिमट्यातील आहेत. मण्याची उंची बदलली, की वर्तुळांची ठेवण बदलते. मणी आणि काच यांच्यामध्ये अल्फा-कॅटेनिनचा मधला भाग बांधलेला आहे. चुंबक हळूहळू जवळ आणला जातो आणि सुमारे ५ पिकोन्यूटनला मण्याची उंची दाखवणारी आलेखातली रेषा एकदम वर जाते: प्रथिनाची घडी उलगडली. चुंबक दूर नेला, की घडी पुन्हा पडते. परंतु उलगडलेल्या भागावर व्हिन्क्युलिन येऊन बसले, तर ती पडत नाही. व्हिन्क्युलिन स्वतः ॲक्टिनला धरते, म्हणून ताण आलेल्या जागी सांध्याला आणखी एक आधार मिळतो.



चुंबक आता पुन्हा वर गेला आहे. रेषा खाली आली आहे. याच रेणूवर पुढची ओढ सुरू होत आहे.