वीस पेरले, एकतीस उगवले

[दृश्य : स्वयंपाकघराची भिंत. खिळ्याला टांगलेलं कॅलेंडर, नोव्हेंबरचं पान. कॅमेरा सावकाश एका चौकटीवर येतो.]

दुधाचा खाडा. गॅसचा नंबर लावल्याची तारीख. कामवाल्या मावशींची दांडी. मुंबईतल्या मराठी घरातल्या कॅलेंडरवर असतं ते सगळं इथंही आहे. पण ९ तारखेच्या चौकटीत, कोपऱ्यात, बारीक पेन्सिलीनं लिहिलंय, 'बीट २०, मोठी खिडकी'. आणि १७ तारखेला, 'बीट ३१!!'

वीस पेरले, एकतीस उगवले. शाळेत असं गणित मांडलं असतं तर मास्तरांनी बाकावर उभं केलं असतं.

घर दादरचं, जुन्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावरचं. घरच्या मालकीणबाईंना अख्खी इमारत काकू म्हणते, म्हणून आम्हीही काकूच म्हणतो. बाग म्हणाल तर सहा फुटांची एक खिडकी आणि तिला बाहेर काढलेली लोखंडी जाळी. जाळीत एकमेकांना खेटून कुंड्या, श्रीखंडाचे रिकामे डबे, कोपरे कापलेल्या दुधाच्या पिशव्या आणि मासळी बाजारातून आणलेलं थर्माकोलचं एक खोकं. ते तीन वेळा धुतलंय. तरी शेजारचं मांजर रोज येऊन वास घेऊन जातं.

[दृश्य : तळहातावर बीटाचं बी. अगदी जवळून.]

आता त्या एकतीसचा उलगडा. हे नीट बघा. खडबडीत, वेडंवाकडं, बाजरीच्या भाकरीचा चुरा पडावा तसं. बीटाचं बी म्हणून आपण जे पेरतो ते एकटं बी नसतंच. एकमेकांना चिकटून वाळलेल्या फळांचं ते गाठोडं असतं आणि त्यात दोन-दोन, तीन-तीन बिया दडलेल्या असतात. आपल्या बाजारातला पालक बीटाच्याच भावकीतला, त्यामुळे त्याचीही हीच तऱ्हा. धण्याच्या गोल दाण्यात तर सरळसरळ दोन फाका. म्हणून धणे पेरण्याआधी चपलेखाली हलकेच रगडायची जुनी पद्धत. दाणा फुटतो आणि दोन्ही फाका मोकळ्या होतात.

बीटाच्या त्याच पुडीतलं अर्धं बी मुलुंडच्या एका काकांनी नेलं होतं. त्यांच्या कॅलेंडरवर लिहिलेलं, 'वीसपैकी अठरा'. काकूंना वाटलं, काकांनी पाणी कमी घातलं असणार. काकांना वाटलं, काकूंचं मोजण्यात काहीतरी चुकलंय.

'ताई, पुन्हा मोजा एकदा.'

'अहो, बँकेत कॅशला बसून आयुष्य गेलं माझं. एकतीस म्हणजे एकतीस.'

दोघांचंही बरोबर होतं. काका जागा मोजत होते, काकू कोंब मोजत होत्या. तेव्हापासून या मंडळींनी दोन आकडे लिहायचे ठरवले. किती जागी उगवलं आणि एकूण कोंब किती.

[दृश्य : इमारतीची गच्ची. सतरंजीवर उघडी ठेवलेली आठ कॅलेंडरं. वाऱ्यानं पानं उडू नयेत म्हणून त्यांवर ठेवलेल्या वाट्या.]

ही मंडळी म्हणजे कुठली संस्था नाही. कुलाबा, दादर, मुलुंड, बोरिवली, जिथं जिथं ओळख निघाली तिथली माणसं. दिवाळी उलटली की एखाद्या रविवारी कुणाच्या तरी गच्चीवर जमायचं. येताना गेल्या वर्षीचं कॅलेंडर आणायचं. ते रद्दीत घालायचं नाही, एवढी एकच अट. मग आठ घरांचे नोव्हेंबर शेजारी शेजारी मांडले जातात आणि वाद सुरू होतात.

बोरिवलीच्या आजींचं कॅलेंडर वाचताना आम्ही अडखळलो. त्या तारखा लिहीतच नाहीत. 'दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी मुळा टाकला. छान आला.' दोन वर्षांनी तसाच दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी टाकला, तर सगळा सडला. बी तेच, कुंडी तीच, आजीही त्याच.

गोम कॅलेंडरातच होती. २०२३ सालचा दसरा २४ ऑक्टोबरला आला. २०२५ सालचा २ ऑक्टोबरला. बावीस दिवसांचा फरक. मुंबईतून पाऊस परत फिरायची हवामान खात्याची सरासरी तारीख आहे ८ ऑक्टोबर. म्हणजे एका वर्षी मुळा कोरड्या, तापलेल्या मातीत पडला आणि दुसऱ्या वर्षी चिखलात. आपले बहुतेक सण चंद्राच्या हिशेबानं चालतात, मुळ्याला सूर्याशी मतलब. आजींना हे पटलं, पण अर्धंच. आता त्या तिथीखाली तारीखही लिहितात, जरा नाखुशीनंच.

[दृश्य : पहाटेचा दादर फुलबाजार. शेकोटी नाही, स्वेटर नाही. एका हमालाच्या डोक्याला मफलर.]

तो मफलर हीच मुंबईची थंडी.

बर्फाच्या देशांत हिवाळ्यात उघड्यावर बी पेरायची एक पद्धत आहे. दुधाचा अर्धपारदर्शक प्लास्टिकचा कॅन आडवा कापायचा, तळाला भोकं पाडायची, आत माती नि बी घालून पुन्हा बंद करायचा, झाकण तेवढं उघडं ठेवायचं आणि सरळ बर्फात ठेवून द्यायचा. बी गोठतं, वितळतं, परत गोठतं. कित्येक रानफुलांचं बी अशी थंडी खाल्ल्याशिवाय जागंच होत नाही. वसंत आला की कॅनमधल्या कॅनमध्ये उगवतं. तिकडचे बागवाले कोणत्या तारखेला काय ठेवलं नि केव्हा उगवलं याच्या नोंदी करतात, एकमेकांना देतात.

हे वाचून मुलुंडच्या काकांनी पाच लिटरचा पाण्याचा जार कापला, त्यात टोमॅटो पेरला आणि गच्चीत ठेवला. त्यांच्या कॅलेंडरवर पुढे एवढंच आहे, 'दिवस ६, उगवला. दिवस ९, वाफाळला.' मुंबईत डिसेंबरातही दुपारी पारा तिशीच्या वर असतो. बंद प्लास्टिकमध्ये उन्हात काय होईल ते सांगायला नको. जी रोपं भाजली नाहीत ती आतल्या दमटपणानं बुडाशी कुजून आडवी झाली.

काकांनी ही फजिती लपवली नाही. पान फाडलंही नाही. आमच्या मते त्या सतरंजीवरची सगळ्यात कामाची नोंद तीच. 'छान आला' वाचून फार काही कळत नाही. 'दिवस ९, वाफाळला' वाचून सात जणांचे जार वाचले.

मग मुंबईत हिवाळा म्हणायचा कशाला? रात्रीला. जानेवारीत सांताक्रूझचा किमान पारा सरासरी १७ अंशांच्या आसपास उतरतो. कुलाब्याला समुद्र तेवढंही उतरू देत नाही. मुंबईचा थंडीचा विक्रम २२ जानेवारी १९६२चा. त्या दिवशी सांताक्रूझच्या वेधशाळेत ७.४ अंश नोंदले गेले आणि कुलाब्याच्या वेधशाळेत ११.७. एकच शहर, एकच दिवस आणि चार अंशांहून जास्त फरक. बोरिवलीला राष्ट्रीय उद्यानाच्या कडेला राहणाऱ्या आजी आणि कुलाब्याला समुद्रासमोर राहणारी मुलगी एकाच तारखेला एकच बी पेरून एकच निकाल मागत असतील, तर चूक बियाची नाही.

पुडीवर छापलेलं असतं, 'पेरणी : ऑक्टोबर ते डिसेंबर'. नाशिकला चालेल. इथं टोमॅटोसाठी डिसेंबर म्हणजे उशीर. डिसेंबरात पेरलेल्याला फुलं येईतो फेब्रुवारी उजाडतो आणि रात्री उबदार व्हायला लागल्या की फूल फळ न धरताच देठापासून गळतं. सतरंजीवरच्या आठांपैकी ज्यांनी सप्टेंबरअखेर पावसापासून आडोसा करून टोमॅटो पेरला, त्यांनी संक्रांतीला घरचा टोमॅटो खाल्ला. बाकीच्यांनी फुलं मोजली.

[दृश्य : फ्रिजचा दरवाजा उघडतो. चटणीच्या डबीशेजारी ओल्या कागदाची घडी. वर लिहिलंय, 'फेकू नये'.]

कुलाब्याच्या मुलीला लेट्यूस हवा होता. ऑक्टोबरच्या मध्यात तीनदा पेरला, एकदाही उगवला नाही. लेट्यूसच्या बीला माती फार तापलेली लागली की ते मरत नाही, झोपून राहतं. तिनं बी ओल्या टिश्यूत गुंडाळून तीन दिवस फ्रिजमध्ये ठेवलं आणि मग पेरलं, पण मातीखाली पुरलं नाही, कारण त्याला उजेड लागतो. पाचव्या दिवशी हिरवी टिंबं दिसली. तिकडे बर्फ, इकडे फ्रिजचा मधला कप्पा. त्याच्या पुढच्या वेळचं बी मुंग्यांनी नेलं, तेही तिनं लिहून ठेवलंय, तारखेसह.

कबुतरांविषयी प्रत्येक कॅलेंडरवर काही ना काही आहे. ते इथं वाचून दाखवण्यासारखं नाही.

[दृश्य : काकूंची खिडकी. सकाळ. उन्हाची तिरीप ओट्यापर्यंत आलेली. मग तीच खिडकी, तीच वेळ, सावलीत.]

काकूंच्या कॅलेंडरवर एक रकाना बाकी कुणाकडे नाही. ऊन. रोजचं नाही, महिन्यातून एकदा, एका रविवारी. खिडकीत ऊन किती वाजता आलं, किती वाजता गेलं.

त्यांची खिडकी दक्षिणेची. जूनमध्ये भर दुपारी सूर्य मुंबईच्या डोक्यावरून किंचित उत्तरेला सरकलेला असतो, तेव्हा या खिडकीत ऊन शिरत नाही. डिसेंबरात तो दक्षिणेला कलतो, दुपारी बारालाही आभाळात जेमतेम अर्ध्यावर असतो, आणि ऊन थेट घरात येतं. म्हणजे उत्तरेच्या खिडकीवाल्यांचा हिवाळा अंधारात जातो आणि दक्षिणेच्या खिडकीचा हंगाम थंडीतच सुरू होतो. एकाच मजल्यावरच्या दोन शेजाऱ्यांची पेरणीची वेळ वेगळी असू शकते ती अशी.

दोन वर्षांपूर्वीच्या डिसेंबरात काकूंनी लिहिलंय, 'ऊन ५ तास'. गेल्या डिसेंबरात, 'ऊन २ तास'. मधल्या काळात समोर टॉवर चढला. गणित साधं आहे. १०० मीटर उंच इमारतीची सावली मुंबईत २१ जूनला दुपारी आठेक मीटर पडते, तीही दक्षिणेला. २१ डिसेंबरला तीच सावली ९० मीटरांच्या वर जाते, उत्तरेला, काकूंच्या जाळीवरून. पावसाळ्यात बांधकाम बघून कुणाच्या लक्षातही आलं नसतं.

त्या वर्षी काकूंचे टोमॅटो उंचच उंच वाढले, बारीक, उजेडाच्या दिशेनं मान काढून. फळ नाही. बीटानं पाला धरला, कंद धरलाच नाही. काकूंनी तक्रार कुणाकडे करायची? त्यांनी पेन्सिल काढली, 'टोमॅटो बंद' लिहिलं आणि मेथी पेरली. मेथीला एवढ्या उन्हात भागतं. चौथ्या दिवशी उगवली, तिसऱ्या आठवड्यात कात्रीनं कापून वरणात गेली.

पानांवर बसणारी बांधकामाची धूळ मात्र रोज पुसावी लागते. त्यासाठी जुन्या बनियनचा एक तुकडा जाळीला कायम बांधलेला आहे.

[दृश्य : देवघर. परडीत माती, मधोमध घट, भोवती पिवळसर कोंब.]

नोंद करायची सवय यांना कुणी लावली? आम्हाला वाटतं, नवरात्रातला घट बघा. मातीत धान्य पेरायचं, नऊ दिवस पाणी शिंपायचं आणि कोंब किती, केवढे आले ते घरादारानं बघायचं. रब्बीच्या तोंडावर घरातलं बियाणं पारखून घ्यायला याहून सोपी रीत कुठली? देवीचं देवीला, शेताचं शेताला. पुढे श्री. अ. दाभोळकरांनी कोल्हापुराकडून 'प्रयोग परिवार' उभा केला तो याच सवयीवर. शेतकऱ्यानं स्वतः प्रयोग करायचा आणि आपला अनुभव दुसऱ्यापर्यंत पोचवायचा. मुलुंडच्या काकांनी तरुणपणी हे वाचलेलं. पण त्यांच्याकडे शेत नव्हतं, होती ती सोसायटीची गच्ची. ती वापरायची परवानगी मिळायला त्यांना चार वर्षं लागली, हेही कॅलेंडरवर आहे.

[दृश्य : संध्याकाळ. काकूंचं घर. हळदीकुंकू. ताटात तिळगूळ, शेजारी वर्तमानपत्राच्या चिमुकल्या पुड्यांचा ढीग.]

संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकवाचे दिवस. वाण म्हणून कुणी प्लास्टिकची डबी देतं, कुणी चमचा. काकू बियाणं देतात. वाणही तेच आणि वाणही तेच, असं त्या दरवर्षी म्हणतात आणि दरवर्षी स्वतःच हसतात.

यंदा पुडीत वाल आहे. काकूंचं माहेर अलिबागकडचं. तिकडे भात कापलं की उरलेल्या ओलीवर वाल टाकतात, रात्रीचं दव त्याला पुरतं आणि थंडी मुरली की शेतात पोपटी लागते, म्हणजे वालाच्या शेंगा मडक्यात घालून विस्तवावर भाजतात. जाळीत पोपटी लावता येत नाही, सोसायटी बाहेर काढेल. पण गेल्या हंगामात चार वेल छान चढले, शेंगा वेलावरच वाळू दिल्या, दाणे राखेत घोळून ठेवले. देण्याआधी त्यातले वीस पेरूनही बघितले.

मुलुंडच्या काकांच्या मंडळी आल्या आहेत. कुंकू लावून झालं, पुडी हातात पडली. त्यांनी चष्मा वर करून बारीक अक्षर वाचलं.

'वीसपैकी सतरा,' त्या म्हणाल्या. 'घरी गेल्या गेल्या हे विचारतील. जागा की कोंब?'

'वालाला एकच कोंब येतो हो,' काकू म्हणाल्या. मग क्षणभर थांबल्या, पुडी परत मागून घेतली आणि कानावरची पेन्सिल काढली.

[दृश्य : पुडीवर पेन्सिल. 'जागा १७, कोंब १७.' पडदा काळा.]