दहा प्रश्न, फार तर चार बैठका

(दृश्य : गोव्यातलं प्राथमिक आरोग्य केंद्र, ओपीडीची रांग)

कुणाचा गुडघा दुखतोय, कुणाला बीपीच्या गोळ्या हव्यात. 'दारू सुटत नाही' म्हणून केसपेपर काढणारा या रांगेत सहसा नसतो. पण विचारलं, तर कळतं.

आठवड्यातून किती वेळा पिता? एकदा सुरू केली की थांबता येत नाही, असं होतं का? जागतिक आरोग्य संघटनेच्या 'ऑडिट' चाचणीत असे दहा प्रश्न आहेत, एकूण गुण ४०. गोव्यातल्या एका अभ्यासात १२ ते १९ गुण म्हणजे अपायकारक पिणं, असं धरलं. २० किंवा त्याहून जास्त, तर तज्ज्ञ डॉक्टरच हवा.

मनोविकारतज्ज्ञ डॉ. अभिजित नाडकर्णी यांनी 'संगथ' संस्थेच्या सहकाऱ्यांसह लक्ष दिलं ते १२ ते १९ वाल्यांकडे. हा माणूस कामावर जातो, संसार करतो, त्यामुळे त्याला आजारी कुणी म्हणतच नाही. उपचारासाठी याहून चांगली वेळ नसते, आणि नेमकी तीच हातची जाते.

एवढे मनोविकारतज्ज्ञ आणायचे कुठून? म्हणून गावातलेच, किमान दहावी झालेले लोक निवडून त्यांना समुपदेशनाचं प्रशिक्षण दिलं. एक ते चार बैठका, प्रत्येकी अर्धा-पाऊण तास. केंद्रात, घरी किंवा फोनवर. इथे उपदेश नाही, धाक नाही. पिण्यानं काय काय गमावलं, हे रुग्ण स्वतःच मांडतो. मग पुढची तयारी : मित्रांनी आग्रह केला तर नाही कसं म्हणायचं, तलफ आली तर ती वेळ कशी निभवायची.

(दृश्य : समुपदेशक आणि रुग्ण, समोरासमोर)

दहा केंद्रांतल्या ३७७ पुरुषांवरचा हा अभ्यास २०१७ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. तीन महिन्यांनी, आधीचे चौदा दिवस थेंबही न घेतलेले समुपदेशनाच्या गटात ४२ टक्के होते, समुपदेशन न मिळालेल्या दुसऱ्या गटात १८. वर्षानंतरही हा गट पुढेच होता. चार बैठकांच्या मानानं हे फार मोठं यश आहे, आणि ते प्रत्येक आरोग्य केंद्रात पोहोचायला हवं.

पण त्याच तीन महिन्यांच्या तपासणीत बायकोला होणाऱ्या मारहाणीत फरक दिसला नाही. संशोधकांनी तेही स्पष्ट नोंदवलं. नवऱ्याची बाटली सुटली की घरातला मार आपोआप थांबेल, ही आशा या आकड्यांत तरी खरी ठरलेली नाही. त्या बाईसाठी वेगळी मदत उभी करावी लागेल, आणि ती तिलाच विचारून.