सेवापुस्तक माईकवर, इतिवृत्त कपाटात

अध्यक्ष महाराज आणि मंडळी, आजचा विषय मी मागून घेतलाय. व्याख्यानमालेच्या चिटणीसांनी मला ‘आनंदी वृद्धत्व’ सुचवला होता. पंचायत समितीत विस्तार अधिकारी म्हणून नोकरी काढलेल्या माणसाला तो पेलायचा नाही, असं मी त्यांना कळवलं. (हशा)

माझं म्हणणं एवढंच आहे. आपल्याकडं जे चारचौघांत व्हायला पाहिजे ते बंद दाराआड होतं, आणि जे कुलपात राहायला पाहिजे ते माईकवरून वाचलं जातं. कर्मचाऱ्याच्या सेवापुस्तकातलं कुठलं पान लोकांचं आणि कुठलं त्याचं एकट्याचं, हे सांगायचं मी कबूल केलंय. तिथं येतोच.

खरं तर हा आपला साताऱ्याचा मुलूख उघड्यावर बोलणारा. इंग्रजांना झुगारून चालवलेल्या प्रतिसरकारच्या दिवसांत, १९४३ ते ४६ दरम्यान, न्यायदान मंडळं बसायची आणि गावचा तंटा गावातच तुटायचा. तेव्हा सांगली वेगळी नव्हती. १९४९ साली दक्षिण सातारा जिल्हा झाला, १९६० साली त्याचं नाव सांगली पडलं. त्यामुळं इथं आलेल्या सांगलीकर पाहुण्यांनीही या वारशात वाटा मागायला हरकत नाही. हळदीच्या भावात ते आपल्याला वाटा देत नाहीत, ते सोडा.

आता एका गावची गोष्ट. नाव सांगत नाही, कारण त्या गावचे दोघं तिसऱ्या रांगेत बसलेत आणि आत्तापासूनच खाली बघतायत.

ग्रामसभा होती. पहिली अर्थातच कोरमअभावी तहकूब झालेली. मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यातला कमी असेल तो आकडा, एवढी माणसं लागतात, आणि तेवढी कधी जमत नाहीत. तहकूब सभेला कोरम लागत नाही, म्हणून गावात खरी सभा कायम दुसरीच. मी पाहुणा म्हणून खुर्चीवर. वरच्या आळीला पाणी येत नाही म्हणून बायामाणसं तापलेली. सगळा राग पाणी सोडणाऱ्या माणसावर. साधा माणूस, भिंतीला टेकून उभा, हातात व्हॉल्व्हची चावी तशीच. मागून कुणीतरी ओरडलं, “त्याचं सर्व्हिस बुक वाचा की! कळूंद्या गावाला!” टाळ्या पडल्या. ग्रामसेवक नवा, पोरगेला. टाळ्या म्हणजे ठराव, अशी त्याची समजूत. त्यानं कपाटातून पुस्तक काढलं आणि माईकवर लावलं वाचायला.

माईकबद्दल एक सांगतो. ग्रामसभेत खरा सरपंच माईक असतो. तो ज्याच्या हातात, त्याचा ठराव. मी दोनदा म्हटलं, “भाऊसाहेब, पुस्तक मिटा.” पण माझ्या हातात माईक नव्हता. जन्मतारीख झाली. शिक्षण झालं, ‘चौथी नापास’, त्यावर पोरं हसली. मग रजा आल्या. वैद्यकीय रजा, सोबत डॉक्टरचा दाखला जोडलेला. भाऊसाहेबांनी दाखलाही वाचला. क्षय. मंडपात कुणी हसलं नाही. त्या माणसानं चावी खिशात घातली आणि बाहेर निघून गेला. दाखला जुना होता, औषधाचा कोर्स पुरा करून माणूस कधीच बरा झालेला. दुसऱ्या दिवशी एसटी स्टँडवरच्या हॉटेलात त्याच्यासाठी वेगळा ग्लास ठेवला गेला. काचेचा नाही, स्टीलचा, खाली लाल रंगाचा ठिपका दिलेला. मी स्वतः बघितलाय.

आणि वरच्या आळीचं पाणी? मोटार जळली होती. ती कुणाकडनं रिवाइंडिंग करून घ्यायची, किती रुपयांत, हे मासिक सभेत ठरलं होतं. कुठल्या विषयाखाली? ‘अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळचे विषय’. (हशा) हसताय म्हणजे तुम्ही कधीतरी सदस्य होता. वरच्या आळीतल्या एका शिकल्यासवरल्या पोरानं माहिती अधिकारात त्या सभेचं इतिवृत्त मागितलं. त्याला लेखी उत्तर आलं: ‘मागितलेली माहिती त्रयस्थ पक्षाची व वैयक्तिक स्वरूपाची असल्याने देता येत नाही.’ मोटारीचं बिल वैयक्तिक! आणि माणसाचं फुप्फुस सार्वजनिक!

हा एका गावचा खुळेपणा नाही. महापालिकांच्या कायद्यात सभा लोकांना खुली असते असं स्वच्छ लिहिलंय. एखादी चौकशी खासगीत व्हावी असं हजर सदस्यांच्या बहुमताला वाटलं, तर तसा ठराव करता येतो. पण गंमत अशी की हा ठराव चर्चेविना मताला टाकायचा असतो. म्हणजे दार का लावतोय, हे दार लावायच्या आधी बोलायचं नाही. आणि सभाच नसली तर? मार्च २०२२ पासून आपल्या जिल्हा परिषदांवर प्रशासक आले. एकच साहेब विषय मांडणार, तोच मंजूर करणार. गॅलरीत बसायला मनाई नव्हती हो, फक्त खाली सभागृहात कुणी नव्हतं.

चिठ्ठी आली. ‘दहा मिनिटे.’ अक्षरावरून पाच दिसतायत. तर जे कबूल केलं ते आता धावत सांगतो.

ग्रामपंचायत कायद्याचं कलम ७ उघडा. गावात काम करणाऱ्या सरकारी, निमसरकारी आणि पंचायतीच्या कर्मचाऱ्यांवर ग्रामसभेचा शिस्तीचा अधिकार आहे. हजेरी बघता येते, वर्षाला कामाचं मूल्यमापन करता येतं, गैरप्रकार गटविकास अधिकाऱ्याला कळवता येतो, त्यानं तीन महिन्यांत दखल घ्यायची. पण मूल्यमापन कामाचं. पाणी किती वाजता सुटलं ते विचारा, त्याची नोंदवही माईकवर वाचा. रजेवर होता का, हे गावाचं. रजा कशासाठी होती, हे त्याचं.

पगार लोकांचा. माहिती अधिकार कायद्याच्या कलम ४ मध्ये कार्यालयानं न मागता जाहीर करायच्या १७ बाबी आहेत, त्यात प्रत्येक कर्मचाऱ्याचं मासिक वेतन आहे. पगारातनं सोसायटीच्या कर्जाचा हप्ता किती कापतात, वारस म्हणून कुणाचं नाव लावलंय, आजार कुठला, हे त्याचं. गोपनीय अहवाल त्याच्यापासूनच गोपनीय ठेवायची आपली जुनी रीत होती. त्यातला प्रत्येक शेरा कर्मचाऱ्याला कळवला पाहिजे, असं सर्वोच्च न्यायालयानं २००८ मध्ये देवदत्त प्रकरणात सांगितलं.

अडचण शिक्षेच्या कागदांची आहे. २०१२ च्या गिरीश देशपांडे निकालात न्यायालय म्हणालं की मेमो, कारणे दाखवा, शिक्षा हा मालक आणि नोकर यांच्यातला मामला. व्यापक जनहित दाखवलं तरच उघडा. माझं मत जरा वेगळं आहे, रुचणार नाही कदाचित. चौकशी चालू असेपर्यंत झाका, नाहीतर निर्दोष माणूसही गावात बाद होतो. लोकांच्या पैशाच्या अफरातफरीत अंतिम आदेश निघाला की मात्र तो आदेश लोकांचा. ज्याच्या पैशाची चोरी झाली त्याला चोर सापडला का हे सांगायचं नाही, ही कुठली गोपनीयता?

आणि आता २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहितीच्या कायद्यानं माहिती अधिकाराच्या कलम ८ मधल्या, वैयक्तिक माहिती नाकारायच्या खंडातल्या अटीच काढून टाकल्यात. आधी सार्वजनिक कामाशी संबंध नसलेली माहिती असं बंधन होतं, आता नुसतं ‘वैयक्तिक माहिती’ म्हटलं की झालं. मोटारीच्या बिलवाल्यांना आयतंच सापडलं. पण कलम ८ चं पोटकलम २ शाबूत आहे, जनहित जास्त असेल तर माहिती देता येते. अर्जात त्याचा उल्लेख करा. कलम १० पण आहे, झाकायचं तेवढं झाकून उरलेला कागद द्या. आजाराची ओळ काळी करा आणि हजेरीचं पान द्या, इतकं सोपं.

वेळ संपली, चिटणीस उभे राहिलेत. जाता जाता एकच: जिल्हा पातळीवरच्या कार्यालयांत आणि महापालिकांत दर सोमवारी दुपारी ३ ते ५ अभिलेख बघायला मिळतात, २०१८ चा शासन निर्णय आहे. झेडपीत जाताना त्याची प्रत बरोबर ठेवा, दारावरच्या शिपायाला दाखवायला लागते.