पत्ता : ११, संसद मार्ग

(दृश्य : नवी दिल्ली. स्टेट बँकेच्या मुख्य शाखेचं प्रवेशद्वार, सकाळची वेळ.)

ही स्टेट बँकेची दिल्लीतली मुख्य शाखा. पत्ता : ११, संसद मार्ग. परदेशातून देणगी घेणारी संस्था देशात कुठेही असो, मेळघाटात कुपोषित मुलांसाठी झटणारी असो की नागालँडमध्ये बालगृह चालवणारी, तिची देणगी आधी याच शाखेतल्या खात्यात जमा व्हावी लागते. खातं उघडायला दिल्लीला जावं लागत नाही, ते जवळच्या शाखेतून होतं, हे खरं. पैसा मात्र दिल्लीहूनच गावी येतो.

हा नियम 'फॉरेन कॉन्ट्रिब्युशन (रेग्युलेशन) ॲक्ट' या परकीय देणग्यांवरच्या कायद्याचा. संस्थांच्या जगात या कायद्याला कुणी पूर्ण नावानं ओळखत नाही. 'तुमच्याकडे एफसीआरए आहे का?', म्हणजे या कायद्याखालची नोंदणी आहे का, असं विचारतात, रेशनकार्ड आहे का विचारावं तसं. आहे म्हटलं की लगेच पुढचा प्रश्न, 'रिन्यू झालंय ना?'

परकीय देणग्यांवरचा हा कायदा पहिल्यांदा आला तो आणीबाणीत. विरोधक तुरुंगात, वर्तमानपत्रांवर सेन्सॉर आणि सरकारी भाषणांत सतत 'परकीय हात'. लागू झाला ५ ऑगस्ट १९७६ रोजी. ही तारीख लक्षात असू द्या, पुढे लागणार आहे. जनता सरकार आलं, खटल्याविना तुरुंगात टाकणारा मिसा गेला, हा कायदा राहिला. २०१० मध्ये यूपीए सरकारनं त्याच्या जागी नवा, जास्त कडक कायदा आणला. नोंदणी पाच वर्षांपुरती झाली. तेव्हा हे एकाच पक्षाचं अपत्य आहे असं कुणी समजू नये.

मग सप्टेंबर २०२०. देश कोविडमध्ये अडकलेला. दुरुस्ती विधेयक २१ तारखेला लोकसभेत मंजूर झालं, २३ ला राज्यसभेत, तेही विरोधक बहिष्कार घालून बाहेर असताना. २९ पासून अंमल सुरू. सरकार म्हणालं, २०१० ते २०१९ या काळात परकीय देणग्या जवळपास दुप्पट झाल्या, पण अनेक संस्था हिशेब देत नाहीत, पैसा भलतीकडे वळवतात. २०११ ते २०१९ मध्ये १९ हजारांहून जास्त नोंदण्या रद्द कराव्या लागल्या. हे म्हणणं उडवून लावण्यासारखं नाही. नुसत्या पावतीपुस्तकावर उभी राहिलेली संस्था आपल्यापैकी कुणी पाहिलेली नाही?

(दृश्य : तालुक्याच्या गावातलं दोन खोल्यांचं कार्यालय. गोदरेजचं कपाट, वर फायलींचे गठ्ठे.)

पण कलम ७ बघा. पूर्वी मोठी संस्था परदेशातून निधी आणायची आणि नोंदणी असलेल्या लहान संस्थांना त्यातला वाटा द्यायची. इंग्रजी प्रस्ताव, अहवाल, देणगीदारांच्या भेटीगाठी हे सगळं मोठीनं सांभाळायचं. पाड्यावर जायचं, बचत गटाच्या बायकांबरोबर बसायचं, वनहक्काचे दावे भरून द्यायचे, ते धाकटीनं. नव्या कलमानं हा वाटा बंद केला. दोघींकडे नोंदणी असली तरी एकीनं दुसरीला परकीय देणगी द्यायची नाही. आणि देणगी म्हणजे फक्त पैसा नव्हे, वस्तूही आली. २०२१ च्या दुसऱ्या लाटेत परदेशातून ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर येत होते, तेव्हा ते दुसऱ्या संस्थेच्या हाती कसे द्यायचे, या प्रश्नावर लोक अडले होते.

अशा कार्यालयात एकच माणूस हिशेबनीस असतो, तोच जीप चालवतो, तोच मीटिंगचा चहा टाकतो. त्याचा पगार कुठल्या खात्यात दाखवायचा? कारण प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० वर आली. दवाखान्यातला डॉक्टर, शाळेतला शिक्षक यांचे पगार त्यात धरत नाहीत. पण जागेचं भाडं, विजेचं बिल, हिशेब ठेवण्याचा खर्च, वकिलाची फी हे सगळं त्यात. मोफत धान्य वाटणाऱ्या संस्थेला हे फार जाचत नाही. धान्य का मिळालं नाही म्हणून कोर्टात जाणारीला जाचतं.

आणि महाराष्ट्रात याच्या जोडीला धर्मादाय आयुक्त आहेतच. १८६० च्या कायद्याखाली सोसायटी म्हणून नोंदणी केली, तरी १९५० च्या विश्वस्त कायद्याखालीही करावी लागते. विश्वस्त बदलला की ९० दिवसांत चेंज रिपोर्ट. तो मंजूर होईपर्यंत वारलेले काका शेड्यूल वनवर, म्हणजे संस्थेच्या सरकारी नोंदीच्या उताऱ्यावर, विश्वस्त म्हणून हयातच! मग त्या उताऱ्यावरचं नाव आणि बँकेतली सही जुळवत बसा.

या दुरुस्त्या सर्वोच्च न्यायालयात गेल्या. न्यायमूर्ती खानविलकरांच्या पीठानं ८ एप्रिल २०२२ रोजी त्या उचलून धरल्या. परकीय देणगी मिळवणं हा कुणाचा निरपवाद हक्क नाही, असा निकाल. सवलत मिळाली ती किरकोळ. पदाधिकाऱ्यांच्या ओळखीसाठी आधारऐवजी पासपोर्ट चालेल.

(दृश्य : पुणे, लक्ष्मी रस्ता. सार्वजनिक सभेची जुनी छायाचित्रं.)

सरकारला संस्थेचं काम खुपतं केव्हा, याचा एक दाखला पुण्यात सापडतो. १८७० मध्ये स्थापन झालेली सार्वजनिक सभा. १८९६-९७ च्या दुष्काळात सभेची माणसं गावोगाव गेली आणि शेतकऱ्यांना सरकारचाच दुष्काळी कायदा समजावून सांगू लागली. सारा केव्हा माफ होतो, मदत कुणाला मागता येते. १८९७ मध्ये मुंबई सरकारनं सभेची मान्यता काढून घेतली. यापुढे तिच्या अर्जांची दखल नाही. अन्नछत्र काढलं असतं, तर बहुधा आभाराचं पत्र आलं असतं.

हीच रेघ आजच्या नियमांत आहे. २०११ च्या इंग्रजी नियमावलीत मधूनच आपले शब्द येतात, भाषांतर न करता : बंद, हरताळ, रास्ता रोको, रेल रोको, जेल भरो. या मार्गांचा नेहमी अवलंब करणारी संस्था 'राजकीय स्वरूपाची' ठरवता येते आणि तिला परकीय देणगी बंद होते. ६ मार्च २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयानं त्याला मुरड घातली. पक्षीय राजकारणाशी संबंध नसलेली संस्था लोकांच्या प्रश्नासाठी रस्त्यावर उतरली, तर तेवढ्यावरून तिचा निधी तोडता येणार नाही.

राहिले खुद्द राजकीय पक्ष. त्यांना तर परकीय देणगी कायद्यानं पूर्ण बंद. मार्च २०१४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं भाजप आणि काँग्रेस दोघांनाही दोषी धरलं. दोघांनी परदेशी मालकीच्या वेदान्ता समूहाच्या कंपन्यांकडून देणग्या घेतल्या होत्या, त्यात गोव्याच्या खाणींतली सेसाही होती. कारवाई करा, असा आदेश निघाला.

कारवाई झाली नाही, व्याख्या बदलली. २०१६ च्या वित्त विधेयकात 'परकीय स्रोत' कशाला म्हणायचं ते नव्यानं ठरलं, तेही मागच्या तारखेपासून, सप्टेंबर २०१० पासून. पण देणग्या त्याहून जुन्या होत्या. मग २०१८ चं वित्त विधेयक. लोकसभेत गदारोळ, चर्चा नाही, मंजुरी. त्यात ती मागची तारीख आणखी मागे नेली होती.

(दृश्य : पडद्यावर फक्त तारीख.)

५ ऑगस्ट १९७६.