आता तुझं सांग

(दृश्य: दवाखान्याचं बाक. दुपट्यात गुंडाळलेलं तान्हं बाळ.)

बाळाला दीड महिन्याची लस द्यायला आणलंय. डॉक्टर वजन करतात, टाळू बघतात, अंगावर नीट पितं ना, विचारतात. बाळंतीण पिशवी मांडीवर घेऊन गप्प. उत्तरं तिची आई देते. "हिचं ना? बरी आहे. जरा हळवी झालीय, एवढंच."

पहिल्या आठवड्यात उगाच रडू येतं, ते बहुतेकींचं दोन आठवड्यांत ओसरतं. ओसरलं नाही, तर ते नैराश्य असू शकतं. गोव्यातल्या बाळंतिणींची एक पाहणी २००२ साली प्रसिद्ध झाली. बाळंतपणानंतर सहा ते आठ आठवड्यांनी त्यांतल्या २३ टक्के जणींना नैराश्य होतं. पैशाची ओढाताण, नवऱ्याशी न पटणं आणि मुलगी होणं, या गोष्टींचा त्याच्याशी संबंध दिसला.

(दृश्य: टेबलावर एक छापील कागद.)

ही एडिंबरा प्रश्नावली, बाळंतपणानंतरचं नैराश्य हेरण्यासाठीची, १९८७ सालची. दहा प्रश्न, सगळे गेल्या सात दिवसांबद्दल. प्रत्येकाला शून्य ते तीन गुण. थकवा येतो का, असं ती विचारत नाही. तान्हं बाळ कुशीत असताना कोण थकत नाही? झोपेचा प्रश्नही वेगळा आहे: मन इतकं उदास होतं का, की झोपच लागत नाही? म्हणजे बाळ झोपलंय, घर झोपलंय आणि ही आढ्याकडे बघत जागी.

तेरा किंवा जास्त गुण झाले, तर डॉक्टर सविस्तर तपासतात. नुसत्या गुणांवरून निदान होत नाही. हिमोग्लोबिन, थायरॉइडही बघावं लागतं. दहावा प्रश्न मात्र स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा. तिथे शून्याखेरीज काहीही आलं, तर बेरीज कितीही कमी असो, त्याच दिवशी, त्याच खोलीत बोलायचं.

उपचार आहेत. समुपदेशन आहे, अंगावर पाजताना चालतील अशी औषधंही आहेत. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर मध्यरात्रीही मराठीत बोलता येतं.

पण आईसमोर, सासूसमोर, नवऱ्यासमोर यातलं एकही उत्तर खरं येईलच असं नाही. म्हणून मला त्या कागदाइतकंच मोलाचं वाटतं डॉक्टरांचं हे वाक्य:

"काकू, बाळाला घेऊन जरा बाहेर बसता का?"

(दृश्य: दार लोटलं जातं.)

"हं. आता तुझं सांग. या आठवड्यात कधी मनापासून हसलीस?"